एक सॉफ्टवेअर, बारा मॉडेल्स: कर्नल उठण्याआधी बूटलोडरमध्ये करायचा फेरफार



या आठवड्याच्या व्हिडिओत फळ्यावर जे काढलं ते घाईत झालं, हे मला मान्य आहे. विषय थोडा किचकट आहे आणि मी स्वतः इंजिनिअर नाही, धंदा शिकवणारा माणूस आहे. पण हार्डवेअरचा छोटा धंदा करणाऱ्यांचे पैसे नेमके कुठे गळतात हे बघताना हा विषय वारंवार समोर आला. म्हणून दोन जाणकारांकडून समजून घेतला, आणि इथे सावकाश लिहितोय.

खडकीत रेल्वे स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर आपला एक विद्यार्थी दोन खोल्यांत युनिट चालवतो. नाव लिहू नका असं त्यानेच सांगितलंय. भोसरी एमआयडीसीतल्या छोट्या मशीन शॉपसाठी तो एक डबा बनवतो. सीएनसी मशीनला लावायचा, किती जॉब निघाले, मशीन किती वेळ बंद होतं हे मोजायचं आणि मालकाच्या मोबाइलवर पाठवायचं. आत लिनक्सवर चालणारा छोटा बोर्ड. माल चांगला, किंमत बरी, गिऱ्हाईक खूश.

मग गिऱ्हाइकांच्या मागण्या सुरू झाल्या. एकाला स्क्रीन नको, दुसऱ्याला ४.३ इंची हवा, तिसऱ्याला ७ इंची. काहींकडे वायर टाकता येते, काहींना ४जी सिमच हवं. कुणाला आरएस-४८५ चं एक पोर्ट पुरतं, कुणाला दोन लागतात. गुणाकार करा: तीन गुणिले दोन गुणिले दोन, म्हणजे बारा मॉडेल्स. त्याने काय केलं? प्रत्येक मॉडेलसाठी मेमरी कार्डाची वेगळी इमेज बनवली. फोल्डरमध्ये ‘फायनल’, ‘फायनल २’, ‘फायनल नक्की’, ‘फायनल नक्की ४जी’. तुम्ही हसताय, पण तुमचा लॅपटॉप उघडून बघा.

एके दिवशी सर्व्हिसचा पोरगा भोसरीला गेला आणि ७ इंची डब्यात ४.३ ची इमेज टाकून आला. स्क्रीन पांढरा. मालकाने उरलेलं बिल अडकवलं. त्याच महिन्यात ७ इंची पॅनेल मिळणं बंद झालं, पर्यायी पॅनेल आलं, त्याचं टायमिंग वेगळं आणि टच कंट्रोलरही वेगळा. म्हणजे आता बारावर आणखी चार इमेज. तो मला म्हणाला, “सर, मी माल बनवतोय की फायली सांभाळतोय?”

या प्रश्नाचं उत्तर बूटलोडरमध्ये आहे. पण आधी रोग काय ते समजून घेऊ.

तुमच्या घरच्या पीसीला यूएसबीने काही लावलं की ती वस्तू आपणहून नाव-गाव सांगते. मदरबोर्डवरची कार्डंही बहुतेक विचारली की उत्तर देतात. एम्बेडेड बोर्डावरची गोष्ट वेगळी. तिथल्या चिपच्या पोटात सीरियल पोर्ट आहे, त्याचा पत्ता अमुक आहे, अमक्या पिनला रिले जोडलाय, हे कुणी विचारून कळत नाही. चुकीच्या पत्त्यावर हात घातला तर सिस्टीम तिथेच अडकून बसू शकते. म्हणून लिनक्सच्या कर्नलला कुणीतरी लेखी द्यावं लागतं: बाबा रे, या बोर्डावर हे-हे आहे, इथे-इथे आहे. या लेखी वर्णनाला ‘डिव्हाइस ट्री’ म्हणतात.

मला हे सातबाऱ्यासारखं वाटतं. तहसीलदार प्रत्येक वेळी शेतात जाऊन बांध मोजत बसत नाही. उतारा बघतो आणि त्यावर विश्वास ठेवून पुढे जातो. कर्नलही तसाच. उताऱ्यावर लिहिलंय की अमक्या पत्त्यावर टच कंट्रोलर आहे, तर तो आहेच असं धरून चालतो. (खडकीकर म्हणतील, आमच्या कॅन्टोन्मेंटात सातबारा कुठे असतो? बरोबर. तिथे जीएलआर, म्हणजे जनरल लँड रजिस्टर. नाव वेगळं, काम तेच: जमीन बोलत नाही, कागद बोलतो.)

हा कागद पूर्वी वेगळा नव्हताच. एआरएम चिपवरच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नलच्या आतच सी भाषेतली एक फाइल असायची. बोर्ड वाढले तशा फायली वाढल्या, जो तो आपली फाइल घुसवायला लागला. २०११ च्या मार्चमध्ये लिनस टोरवाल्ड्सने या पसाऱ्यावर अगदी चिडून लिहिलं, आणि त्यानंतर एआरएमची मंडळी डिव्हाइस ट्रीकडे झपाट्याने वळली. ही कल्पना नवी नव्हती. सन आणि अ‍ॅपलच्या जुन्या मशीनमधल्या ‘ओपन फर्मवेअर’मधून ती आली होती आणि पॉवरपीसीवर आधीच वापरात होती. म्हणजे आपल्या खडकीच्या मित्राला बारा इमेजचा जो त्रास झाला, तोच मोठ्या प्रमाणावर कर्नल लिहिणाऱ्यांना झाला होता. उपायही तोच: वर्णन वेगळं काढा, प्रोग्राम एकच ठेवा.

हे वर्णन आधी वाचता येईल अशा मजकुरात लिहितात, त्याला डीटीएस म्हणतात. मग ‘डीटीसी’ नावाच्या कंपायलरने त्याची बांधीव फाइल होते, ती डीटीबी. गंमत म्हणजे या फाइलची ओळखखूण, पहिले चार बाइट, हेक्समध्ये वाचले तर ‘डूड फीड’ असं काहीसं दिसतं. इंजिनिअर लोकांचे विनोद, दुसरं काय.

आता बूटलोडर कुठे येतो? पॉवर चालू झाली की सर्वात आधी चिपच्या आत कायमचा कोरलेला छोटा प्रोग्राम जागा होतो. तो कार्डावरून किंवा फ्लॅशमधून एक लहानसा पहिला टप्पा उचलतो, त्याला एसपीएल म्हणतात. एसपीएलचं मुख्य काम म्हणजे बाहेरची रॅम चालू करणं. रॅम मिळाली की मोठा बूटलोडर येतो, बहुतेक बोर्डांवर यू-बूट. जर्मनीतल्या व्होल्फगांग डेंक यांनी २००० साली पीपीसीबूट नावाने हा प्रकल्प पुढे आणला, २००२ मध्ये त्याचं नाव यू-बूट झालं. यू-बूट कर्नल रॅममध्ये ठेवतो, डीटीबी रॅममध्ये ठेवतो आणि कर्नलला उठवताना डीटीबीचा पत्ता प्रोसेसरच्या एका ठरलेल्या रजिस्टरमध्ये देऊन बाजूला होतो. त्यानंतर त्याचं राज्य संपलं.

म्हणजे डीटीबी रॅममध्ये आली आहे आणि कर्नल अजून झोपलेला आहे, असा थोडा वेळ मिळतो. जे काही बदलायचं ते याच वेळात. उतारा तलाठ्याच्या टेबलावर आहे, साहेबांकडे अजून गेलेला नाही. फेरफार आत्ताच!

फेरफार हा शब्द मी मुद्दाम वापरतोय. जमीन विकली, वारस लागले, तर मूळ उतारा फाडून नवा लिहीत नाहीत. गाव नमुना ६ मध्ये, म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद होते, ती प्रमाणित झाली की तिचा परिणाम सातबाऱ्यावर दिसतो. डिव्हाइस ट्रीचा ‘ओव्हरले’ अगदी असाच. मूळ डीटीबी कार्डावर तशीच राहते. ओव्हरलेच्या छोट्या फाइलमध्ये, म्हणजे डीटीबीओमध्ये, एवढंच लिहिलेलं असतं: ‘एलसीडी’ नावाच्या जागी हे टायमिंग लावा, ‘आय२सी-२’ च्या खाली हा टच कंट्रोलर जोडा, ‘यूएआरटी-४’ ची स्थिती बंदवरून चालू करा. यू-बूट रॅममधल्या प्रतीवर ही नोंद चढवतो आणि कर्नलला तयार उतारा देतो.

प्रत्यक्षात चार पावलं आहेत. (आज्ञा इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या.) आधी ‘लोड’ने मूळ डीटीबी रॅममध्ये आणायची. मग ‘एफडीटी अ‍ॅड्र’ म्हणून तिचा पत्ता सांगायचा. मग ‘एफडीटी रिसाइज’ करून तिच्या शेपटीला थोडी मोकळी जागा जोडायची; हे विसरलात तर ‘जागा नाही’ अशी एरर येणार. शेवटी ओव्हरले दुसऱ्या पत्त्यावर लोड करून ‘एफडीटी अ‍ॅप्लाय’. लहानसहान बदलाला ओव्हरलेचीही गरज नाही, ‘एफडीटी सेट’ने एखादी किंमत थेट बदलता येते आणि ‘एफडीटी प्रिंट’ने झालं की नाही ते तिथेच बघता येतं. हे सगळं यू-बूटच्या स्क्रिप्टमध्ये घातलं की दर वेळी आपोआप होतं.

आणि काही नोंदी यू-बूट तुम्ही न सांगताच करतो. रॅम किती आहे ते स्वतः बघून लिहितो. कर्नलला द्यायचे बूट-आर्ग्युमेंट्स ‘चूजन’ नावाच्या नोडमध्ये लिहितो. ‘ईथ-अ‍ॅड्र’ या व्हेरिएबलमधला मॅक अ‍ॅड्रेस इथरनेटच्या नोंदीत भरतो. म्हणजे अर्ध्या जीबीचा आणि एक जीबीचा बोर्ड यांच्यासाठी वेगळी इमेज करायची बहुधा वेळच येत नाही. आपल्या मित्राने तीही केली होती!

आता खरा प्रश्न. कुठला ओव्हरले चढवायचा हे यू-बूटला कोण सांगणार? सर्व्हिसच्या पोराने निवडायचं ठरवलं तर आपण पुन्हा पांढऱ्या स्क्रीनवर आलो. बोर्डाने स्वतःच सांगितलं पाहिजे.

यासाठी बीगलबोन ब्लॅकचं उदाहरण मला फार आवडतं. त्या बोर्डावर आय२सी बसवर हेक्स ५० या पत्त्याला एक छोटी ईईप्रॉम चिप आहे. तिच्यात सुरुवातीला ठरलेली चार बाइटची खूण, मग आठ अक्षरांत बोर्डाचं नाव, चार अक्षरांत आवृत्ती आणि बारा अक्षरांत सीरियल नंबर. यू-बूट हे नाव वाचतो. ‘ए३३५बोन’ असेल तर जुन्या पांढऱ्या बीगलबोनची डीटीबी, ‘ए३३५बीएनएलटी’ असेल तर ब्लॅकची. त्याच यू-बूटच्या फाइलवर टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सचे त्याच चिपचे मोठे डेव्हलपमेंट बोर्डही उठतात. बोर्डावर चढवायच्या जोडकार्डांना तिथे ‘केप’ म्हणतात. त्यांच्या ईईप्रॉमसाठी ५४ ते ५७ असे चार पत्ते राखून ठेवलेत, म्हणजे एकावर एक चार केप. कुठली केप बसली आहे ते वाचून तिचा ओव्हरले चढवायचं काम आधी कर्नलच्या आत व्हायचं, नंतर ते यू-बूटकडे आणलं गेलं. कारण सोपं आहे: कर्नल चालू झाल्यावर पायाखालची जमीन बदलण्यापेक्षा उठण्याआधी बदललेली बरी.

तुमच्या बोर्डावर हे कसं करायचं? सर्वात स्वस्त मार्ग रेझिस्टरचा. तीन मोकळ्या पिना घ्या, प्रत्येकीला रेझिस्टरने वर किंवा खाली ओढा. तीन पिनांत आठ प्रकार ओळखता येतात आणि खर्च जवळपास शून्य. टापकीर गल्लीत रेझिस्टरचं पाकीट काय भावाने मिळतं तुम्हाला माहीत आहे. यू-बूटमध्ये ‘जीपीआयओ’ ही आज्ञा पिनेची स्थिती वाचून देते. ज्यांचे बोर्ड एकाच ठिकाणी जोडले जातात आणि मॉडेल्स मोजकी आहेत त्यांना हे पुरतं. पण गिऱ्हाइकाने उद्या स्क्रीन बदलून मागितला तर रेझिस्टर काढून लावायला सोल्डरिंग आलं. म्हणून ईईप्रॉम बरी. ती स्क्रीनच्या कार्डावरच लावली तर अजून बरी. स्क्रीन बदलला की ओळखपत्रही त्याच्याबरोबर बदललं.

आपल्या मित्राच्या पॅनेलचंच बघा. जुन्या पॅनेलवर गुडिक्सचा टच कंट्रोलर होता, तो हेक्स ५डी किंवा १४ या पत्त्यावर बोलतो. नव्यावर फोकलटेकचा आला, तो ३८ वर. मग यू-बूटने ‘आय२सी प्रोब’ करून ३८ वर कुणी उत्तर देतंय का एवढंच बघायचं, आणि त्यानुसार ओव्हरले निवडायचा. वेगळं ओळखपत्रसुद्धा लागलं नाही. मात्र हा जुगाड मी पहिली पसंती म्हणून सांगणार नाही. उद्या ३८ वरच बोलणारी दुसरीच एखादी चिप बोर्डावर आली तर यू-बूट फसेल.

आता मॅक अ‍ॅड्रेस, कारण भोसरीत दुसरी गंमत यातच झाली. एका शॉपमध्ये दोन डबे लावले आणि दोघांचं नेटवर्क आलटून-पालटून जायला लागलं. पहिला चालू तर दुसरा गायब. वायर बदलली, स्विच बदलला, दोन दिवस गेले. शेवटी कळलं की मेमरी कार्डाची कॉपी मारताना यू-बूटची साठवलेली व्हेरिएबल्सही कॉपी झाली होती आणि दोन्ही डबे एकाच मॅक अ‍ॅड्रेसने बोलत होते. एका घर-नंबरावर दोन कुटुंबं, पोस्टमन काय करणार?

काही चिप्समध्ये कारखान्यातूनच मॅक अ‍ॅड्रेस कोरलेला असतो, बीगलबोनमधल्या एएम३३५एक्सचं तसंच आहे. काहींमध्ये ती जागा कोरी असते आणि तुम्ही भरायची असते. कोरी असेल तर मायक्रोचिपची २४एए०२ई४८ ही ईईप्रॉम बघा. तिच्या अर्ध्या भागात न बदलता येणारा, जगात एकमेव असा अ‍ॅड्रेस आधीच भरलेला येतो आणि उरलेला अर्धा भाग तुमच्या लिखाणाला मोकळा. म्हणजे मॅक अ‍ॅड्रेस आणि मॉडेलचं ओळखपत्र एकाच चिपमध्ये. माल वाढला की आयईईईकडून स्वतःचा संच घेता येतो. सर्वात छोट्या संचात ४०९६ अ‍ॅड्रेस येतात. इंटरनेटवरून कुणाचातरी अ‍ॅड्रेस उचलून शेवटचे आकडे बदलायचे, हा धंदा मात्र करू नका.

जाणकारांनी मला सगळ्यात जास्त वेळ जिथे अडकवलं ते खड्डे आता सांगतो. इथे पेन घ्या.

ओव्हरले चढवायचा असेल तर मूळ डीटीबी कंपाइल करताना डीटीसीला ‘-@’ हा पर्याय द्यावा लागतो. त्याने फाइलमध्ये नावांची अनुक्रमणिका राहते. नाही दिला तर ओव्हरले म्हणतो ‘एलसीडीच्या जागी लावा’, आणि एलसीडी म्हणजे कुठला गट नंबर हे कुणालाच माहीत नसतं. एरर येते ‘सापडलं नाही’ अशी, आणि माणूस ओव्हरलेच्या फाइलमध्ये चूक शोधत रात्र काढतो. चूक दुसऱ्याच फाइलमध्ये असते.

त्याहून फसवा खड्डा असा: ओव्हरले चढताना मध्येच एरर आली तर रॅममधली मूळ प्रतही खराब झालेली असू शकते. म्हणून ती वापरलीच जाऊ नये यासाठी तिची ती ‘डूड फीड’ खूण पुसून टाकली जाते. म्हणजे स्क्रिप्टमध्ये ‘ओव्हरले नाही चढला तर तसाच पुढे जा’ असं लिहिलं असेल तर कर्नल उठणारच नाही. बरोबर पद्धत म्हणजे ओव्हरले नाही चढला तर मूळ डीटीबी कार्डावरून पुन्हा लोड करा, मग पुढे जा.

तिसरा. यू-बूटकडे स्वतःसाठीही एक डिव्हाइस ट्री असते, त्याच्या आपल्या ड्रायव्हरसाठी. कर्नलला द्यायची ती वेगळी. आपण एकीत बदल करतो आणि परिणाम दुसरीत शोधतो. ‘मी तर बदललं होतं, मग दिसत का नाही’ असं वाटलं की आधी हे तपासा.

चौथा, क्रमाचा. यू-बूटच्या त्या आपोआप होणाऱ्या नोंदी अगदी शेवटी, कर्नलला उठवायच्या आज्ञेच्या वेळी होतात, म्हणजे तुमच्या स्क्रिप्टनंतर. तुम्ही हाताने ‘चूजन’मध्ये बूट-आर्ग्युमेंट्स लिहिलेत आणि यू-बूटच्या ‘बूट-आर्ग्ज’ व्हेरिएबलमध्ये वेगळंच काही आहे, तर व्हेरिएबल जिंकणार.

आणि रॅममधले पत्ते एकमेकांवर येऊ देऊ नका. कर्नलची फाइल दाबलेली असते, उलगडल्यावर फुगते. शेजारी डीटीबी ठेवली असेल तर तिच्यावर पाय पडतो. लक्षण काय? ‘कर्नल सुरू होत आहे’ एवढी ओळ येते आणि पुढे काहीच नाही. तुमच्या बोर्डाच्या यू-बूटमध्ये पत्त्यांची व्हेरिएबल्स आधीच ठरवून दिलेली असतात. शहाणपणा न करता तीच वापरा.

एक गोष्ट मात्र धोक्याची म्हणून वेगळी सांगतो. उताऱ्यावर लिहिलं म्हणून शेतात विहीर उगवत नाही. ड्रायव्हर कर्नलमध्ये नसेल तर डिव्हाइस ट्रीत कितीही लिहा, ते उपकरण चालणार नाही. आणि उलट बाजू: व्होल्टेज रेग्युलेटरची मर्यादाही याच वर्णनात असते. १.८ व्होल्टच्या भागाला ३.३ असं लिहिलं आणि कर्नलने ते खरं मानलं, तर भाग जळू शकतो. म्हणून पॉवरच्या नोंदी मूळ डीटीबीत पक्क्या ठेवा, ओव्हरलेत त्यांना हात लावू नका. ओव्हरलेत फक्त जे खरंच बदलतं ते: स्क्रीन, टच, पोर्ट, मॉडेम.

ओळखपत्रच वाचता आलं नाही तर? ईईप्रॉम कोरी असेल तर सगळे बाइट हेक्स एफएफ येतात. अशा वेळी अंदाज लावायचा नाही. स्क्रीन, मॉडेम, दुसरं पोर्ट, सगळं ऐच्छिक बंद ठेवलेल्या मूळ वर्णनावर डबा उठवायचा, इथरनेट चालू ठेवायचं, म्हणजे निदान आत जाऊन बघता येतं. यू-बूटमध्ये किती वेळा उठायचा प्रयत्न फसला हे मोजायची सोय आहे, ‘बूटकाउंट’. ठरलेली मर्यादा ओलांडली की तो ‘ऑल्टबूट-कमांड’मधली पर्यायी आज्ञा चालवतो. ही सोय पहिल्या दिवसापासून लावा. भोसरीची एक फेरी वाचली तरी वसूल.

सर्व्हिससाठी एक छोटी युक्ती मला फार पटली. यू-बूटच्या स्क्रिप्टमध्ये शेवटी ‘एफडीटी सेट’ने मुळाशी असलेल्या ‘मॉडेल’ या नोंदीत तुमच्या मॉडेलचं पूर्ण नाव लिहा, कुठला ओव्हरले चढला त्यासकट. लिनक्स उठल्यावर ते ‘प्रॉक’च्या खाली ‘डिव्हाइस-ट्री’ फोल्डरमध्ये ‘मॉडेल’ नावाच्या फाइलमध्ये जसंच्या तसं दिसतं. तुमच्या प्रोग्रामने ती ओळख स्क्रीनच्या कोपऱ्यात दाखवायची. गिऱ्हाईक फोनवर वाचून दाखवेल, आणि त्याच्या डब्यात नक्की काय आहे हे तुम्हाला खडकीत बसून कळेल.

हे सगळं ओव्हरले-स्क्रिप्टनेच करायला हवं का? नाही. तुमची दोनच मॉडेल्स असतील आणि ती वाढणार नसतील, तर दोन पूर्ण डीटीबी ठेवा आणि यू-बूटला नाव बघून एक उचलायला सांगा. ओव्हरले तेव्हा, जेव्हा पर्याय एकमेकांत मिसळतात. बारा डीटीबींच्या जागी दोन स्क्रीनचे दोन, ४जीचा एक, दुसऱ्या पोर्टचा एक, असे चार ओव्हरले पुरतात. नवं पॅनेल आलं तर पाचवा. तिसरा मार्ग म्हणजे यू-बूटच्या सी कोडमध्ये ‘एफटी-बोर्ड-सेटअप’ हे फंक्शन लिहिणं. कर्नल उठण्याआधी ते बोलावलं जातं आणि त्यात वाटेल ते करता येतं. सीरियल नंबर भरणं, ईईप्रॉमची तपासणी, यासाठी ते उत्तम. पण प्रत्येक बदलाला यू-बूट पुन्हा बांधावा लागतो, आणि फील्डमध्ये बूटलोडर बदलताना लाइट गेली तर डब्याची वीट होते. माझं मत विचाराल तर नव्या उद्योजकाने निवड स्क्रिप्टमध्ये ठेवावी, सी कोडला शेवटी हात लावावा.

सुरक्षेचं थोडक्यात. यू-बूटची कन्सोल उघडी असेल तर सीरियल वायर जोडून कुणीही तुमचं वर्णन बदलू शकतो. माल बाहेर पाठवताना कन्सोलचा थांबा बंद करा किंवा पासवर्ड लावा. कर्नल, डीटीबी आणि ओव्हरले एकाच ‘फिट’ इमेजमध्ये बांधून त्यावर सही करायची सोय यू-बूटमध्ये आहे. गिऱ्हाईक मोठं झालं की तो मार्ग घ्यावा लागेल.

आणि लायसन्स. यू-बूट आणि लिनक्स दोन्ही जीपीएल परवान्याखाली आहेत. फुकट आहेत याचा अर्थ अटी नाहीत असा नाही. तुम्ही यू-बूटमध्ये बदल करून डबा विकलात, तर गिऱ्हाइकाने मागितल्यावर त्या बदललेल्या यू-बूटचा सोर्स द्यायची तुमची जबाबदारी आहे. मशीनचे जॉब मोजणारा तुमचा स्वतःचा वेगळा प्रोग्राम त्यात येत नाही, घाबरू नका. बदलांचं फोल्डर पहिल्या दिवसापासून नीट ठेवा, एवढंच.

माणूस कुठे शोधायचा, हा पुढचा प्रश्न. पुण्यात बसून तुम्हाला याची अडचण येऊ नये. सी-डॅकचं मुख्यालय इथेच आहे आणि त्यांचा एम्बेडेड सिस्टीम डिझाइनचा पदव्युत्तर डिप्लोमा करून मुलं बाहेर पडतात. मुलाखतीत एकच काम द्या: हा बोर्ड, हे दोन स्क्रीन, एकाच कार्डावर दोन्ही चालवून दाखव. आणि नंतर मुद्दाम ईईप्रॉम पुसून दे, बघ काय करतो ते.

आपल्या मित्राच्या फोल्डरमध्ये आता एक इमेज आहे. जोडणी झाली की टेबलावरच्या जिगवर बोर्ड बसतो, ईईप्रॉममध्ये मॉडेल आणि सीरियल नंबर लिहिला जातो, चिपची राइट-प्रोटेक्ट पिन बंद होते आणि त्याच नंबरचं स्टिकर डब्याच्या बुडाला लागतं. भोसरीच्या त्या मालकाने अडकवलेलं बिल तीन आठवड्यांनी दिलं, आणि सोबत अजून दोन डब्यांची ऑर्डर. दोन्ही ७ इंची, एकाला ४जी.

पुढच्या व्हिडिओत तो जिगच दाखवतो. लाकडी फळीवर पोगो पिना ठोकून बनवलेला आहे, पण काम चोख करतो.